ट्रंकेची किल्ली

किल्ली मोडली ती सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. डबा भरून झाला होता, पर्स खांद्याला लागली होती, एका पायात चप्पलही गेली होती. तिनं रोजच्यासारखी कुलपात किल्ली घालून फिरवली आणि अर्धी किल्ली हातात आली. उरलेली अर्धी आतच राहिली. आवाज म्हणावा असा काही झालाच नाही, बिस्किट मोडावं तेवढाच. हे कुलूप असं होतं की आत यायला बाहेरून किल्ली लागायची आणि बाहेर पडायलाही आतून किल्ली लागायची, आणि घरात किल्ली एकच. म्हणजे ती कोंडली गेली होती. हे तिच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला, पण अंगाला ते आधीच कळलं होतं. दुसरी कुणी असती तर तिनं दार बडवलं असतं, शेजाऱ्यांना हाक मारली असती, निदान कुलपाला चार शिव्या तरी दिल्या असत्या. हिनं काय केलं, तर पर्स खुंटीला अडकवली, चप्पल काढून जोडीनं भिंतीशी लावली आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळायला लागलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली. अगं बाई, कोंडणारा जाऊन चार वर्षं झाली. फोन हातात आहे, ऑफिसात कळवायचं आहे, किल्लीवाल्याला बोलवायचं आहे, आणि तू चहा कसला करत बसलीस?

किल्लीवाला तासाभरानं आला. "मॅडम, आहात ना आत?" त्यानं दारापलीकडून विचारलं, आणि एवढ्या गडबडीतही तिला हसू आलं. आत नाही तर कुठं जाणार. ती दाराला कान लावून उभी राहिली. वडिलांच्या कुलपांच्या दुकानात लहानपण गेलेलं, त्यामुळे बारीक तारेनं कुलपातल्या पिना चाचपण्याचा तो आवाज तिच्या ओळखीचा होता. वडील तसं करताना श्वास रोखून धरत आणि कुलूप उघडलं की नाकानं सोडत. हा माणूस मात्र तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. दोन मिनिटांत दार उघडलं. बाहेर चष्मा कपाळावर चढवलेला एक जाडसर गृहस्थ उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर नाराजी होती. "कुलूप चांगलं आहे. एवढ्या लवकर उघडायला नको होतं," तो म्हणाला. मग त्यानं न विचारताच जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, दारातून कुलपाचा पितळी गाभा काढला, अडकलेला तुकडा बाहेर ओढला आणि गाभा खोलून चिमट्यानं एकेक पिन ओळीनं मांडत गेला. एका जागी थांबला. चष्मा खाली घेतला. "हे बघा. प्रत्येक भोकात दोन पिना असतात, एक खाली, एक वर. इथं दोन भोकांत मधे ही पातळ चकती घातलीय. म्हणूनच मला सोपं गेलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे या कुलपाला दोन वेगवेगळ्या किल्ल्या चालतात. एक तुमची, ही मोडली ती. दुसरी ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे."

"चुकून राहिली असेल चकती."

"ही चुकून नाही राहत, मॅडम. कानशीनं घासून हातानं केलीय. बसवलं कुणी हे?"

"माझ्या वडिलांनी."

त्यानं चकती पुन्हा चिमट्यात धरून उजेडाकडे नेली. "मग त्यांनाच विचारा," शेवटी तो म्हणाला. ते आठ महिन्यांपूर्वी गेले, हे तिनं सांगितल्यावर त्यानं मान हलवली, पिना आणि चकत्या होत्या तशा परत भरल्या, गाभा दारात बसवला. "खूणसुद्धा केलीय बघा. बाहेरच्या तोंडावर एक ठिपका, आतल्या तोंडावर तीन." मोडक्या किल्लीचे दोन्ही तुकडे त्यानं खिशात टाकले. नवी किल्ली पाचपर्यंत करून आणतो, तेव्हा हव्या तर चकत्या काढून टाकू, तोवर कडी लावून बसा, असं सांगून तो जिना उतरायला लागला आणि अर्ध्यावरून वळून म्हणाला, "दुसरी कुणाकडे आहे तेवढं आठवून बघा मात्र."

तिनं कडी लावली. मग कडीकडे बघत उभी राहिली. माणसाच्या मनात एकदा किडा वळवळायला लागला की तो घरभर हिंडवतो. तिनं कपाट उघडून बघितलं, ड्रॉवर बघितला, फुलदाणी नेहमी इथंच असते का, असा विचार करत टेबलापाशी थांबली. मग समोरच्या बिऱ्हाडाच्या म्हातारीची आठवण झाली. तिच्या दाराच्या भोकातून कुणीतरी बघतंय असं नेहमी वाटायचं. वडील इथं होते तेव्हा तिच्याशी जिन्यात बोलले होते. काय बोलले होते? आणि चार वर्षांपूर्वी गेलेला नवरा? त्यानंच तर दुसरी किल्ली करून घेतली नसेल, आपण घरात नसताना बायको काय करते हे बघायला कुणाला तरी पाठवायला? पण किल्ली एकच हवी, असा हट्ट तर त्याचाच होता. राहता राहिले वडील. वडिलांनी आपल्या घराची किल्ली स्वतःजवळ ठेवली होती. कशासाठी? आणि मग एकट्या आपल्याच घराची का? गावात अर्ध्या दारांना त्यांचंच कुलूप होतं. डॉक्टरांचं, शाळेचं, पोस्टाचं. सगळ्यांत अशाच चकत्या असतील तर? कुठं चोरी झाली की हवालदार आधी यांच्याच दुकानात चहाला येऊन बसायचा. "चोर शोधण्यापेक्षा मी सापडतो लवकर," वडील म्हणायचे आणि सगळे हसायचे. हवालदारही हसायचा. पण तो हसताना भिंतीवर टांगलेल्या किल्ल्यांकडे बघायचा, हे तिला आता, तीस वर्षांनी, नेमकं आठवलं.

फोन वाजला. तिच्या गावच्या माजी सैनिक संघाचे सचिव होते, वडिलांच्याच वयाचे. संघाच्या हॉलमध्ये एक बोर्ड लागणार होता, त्यावर गावच्या एकेका सैनिकाचं नाव आणि खाली दहा ओळी. वडीलही सैन्यात होते, त्यांच्यावरच्या दहा ओळींसाठी आठवडाभर ते तिच्या मागे लागले होते, आणि आठवडाभर ती कागद घेऊन बसत होती आणि "माझे वडील" एवढं लिहून उठत होती. "बाळ, पेंटर उद्या सकाळी येतोय," सचिव म्हणाले. "आज काहीही करून दे. आणि ते गोदामाचं एकदा मिटवून टाक बघू. कमिटीत एक-दोघं कुरकुर करतायत. वडिलांना मुदतीआधी सैन्यातून घरी पाठवलं, ते का, हे कागदात नीट येत नाही. तसं काही घडलं नव्हतं, एवढं एक वाक्य घाल. मुलीनंच लिहिलंय म्हटल्यावर कोण तोंड उघडणार?" लिहिते, म्हणून तिनं फोन ठेवला. आवाज तिचा तिलाच खोटा वाटला.

गोदामाची गोष्ट आईनं तिला हळू आवाजात सांगितली होती आणि गावानं डोळा मारून. लढाईत वडिलांच्या तुकडीनं एक वस्ती ताब्यात घेतली. तिथली चौदा माणसं संशयावरून धान्याच्या गोदामात कोंडली. त्यांचं काय करायचं, याचा हुकूम वरून यायचा होता, आणि तो काय येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहाऱ्यावर वडील. तिसऱ्या दिवशी अधिकारी आला तेव्हा दाराला कुलूप होतं, किल्ली अधिकाऱ्याच्याच खिशात होती, आणि गोदाम रिकामं. चौकशीत वडील एकच वाक्य बोलत राहिले, "साहेब, कुलूप शाबूत आहे." सिद्ध काहीच झालं नाही. त्यांना दोन वर्षं आधी घरी पाठवलं, पदक नाही, निरोप नाही. गावात येऊन त्यांनी बसस्टँडसमोर दुकान टाकलं, कुलपं दुरुस्त आणि किल्ल्या तयार. लोक त्यांना फौजी म्हणायचे. त्यांच्याकडून कुलूप घ्यायचे आणि त्यांच्यावरच संशयही घ्यायचे. तिनं मात्र कधी घेतला नव्हता. गोदाम वडिलांनी उघडलं नाही याबद्दल तिची खात्री होती, आणि ती खात्री प्रेमातून आलेली नव्हती. हुकूम मोडण्याइतका कणा या माणसाला नाही, हे तिनं या घरात, या दाराशी उभं राहून स्वतः बघितलं होतं. ते बोर्डावर कसं लिहायचं?

लग्नाला वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. नवरा ऑफिसला जाताना दार बाहेरून बंद करून जायचा. याला तो काळजी म्हणायचा. शहर आहे, कोण कधी घुसेल नेम नाही. सुरुवातीला तिलाही ती काळजीच वाटली, आणि नंतर जे वाटलं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. वडील चार दिवस राहायला आले. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर निघाला तेव्हा ते फिरायला गेलेले होते. परत आले तर दाराला कुलूप आणि मुलगी आत. बापलेक दाराच्या दोन्ही बाजूंना तीन तास बसले. "रोज असंच असतं?" वडिलांनी विचारलं. "छे हो बाबा, आज चुकून झालं. सगळं ठीक आहे," ती म्हणाली, आणि वर हसून दाखवलं, जसं काही दारातून दिसणारच होतं. ते पायरीवर बसून खोकत राहिले. संध्याकाळी नवऱ्यानंच विषय काढला. जुनं कुलूप अडकतं, तुम्ही एवढे कारागीर, नवं बसवून द्या. आतूनही किल्ली लागेल असं द्या, म्हणजे काच फोडून कुणी हात घातला तरी दार उघडता येणार नाही. आणि किल्ली एकच करा, जास्त किल्ल्या म्हणजे जास्त डोकेदुखी. ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. वडिलांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बरं," ते म्हणाले.

ते "बरं" ती पुढची नऊ वर्षं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी दुपारभर ते बाल्कनीत पाठ करून बसले आणि कानस चालवत राहिले. तिला तेव्हा वाटलं, एवढं मन लावून तुरुंग बांधणारा बाप दुनियेत दुसरा नसेल. ते आपल्या प्रत्येक कामावर एक ठिपका ठोकत, ही त्यांची सही. या कुलपाच्या बाहेरच्या तोंडावर तो होता. आतल्या तोंडावर तीन होते, एका ओळीत. हात थरथरला असेल, किंवा म्हातारपणाची हौस. त्या तीन ठिपक्यांशी तिची नऊ वर्षांची ओळख होती. नवरा गेल्याचा आवाज जिन्यात विरला की ती तिथं येऊन उभी राही आणि बोटानं ते ठिपके चाचपी, दात दुखत असला की जीभ तिथंच जाते तशी. बापाच्या हातचं कुलूप. नवऱ्याला तिनं मनातून केव्हाच सोडून दिलं होतं, त्याच्यावर रागावण्यातही काही राम नव्हता. राग होता तो वडिलांवर. ते आजारी पडले तेव्हा ती एकदाच जाऊन आली. गेले तेव्हा रडली, पण आत कुठंतरी कोरडं राहिलं होतं ते राहिलंच.

आणि आता ही चकती. म्हणजे कोंडायलाही मदत केली आणि वर स्वतःसाठी चोरवाटही ठेवली. नऊ वर्षांत एकदा तरी आलात का त्या वाटेनं? तिनं रागानं धाकट्या भावाला फोन लावला. तो आता त्याच दुकानात मोबाइलची कव्हरं विकत होता.

"बाबांच्या जुन्या किल्ल्या काय केल्यास रे?"

"भंगारात दिल्या, ताई. दोन गोणी निघाल्या. का गं?"

"माझ्या घराची होती का त्यात एखादी? माझं नाव लिहिलेली, वेगळी ठेवलेली?"

"तुझ्या घराची त्यांच्याकडे कशी असेल? काय झालंय तुला?"

"आणि त्यांच्या सैन्यातल्या ट्रंकेत? ट्रंक कशी उघडलीस तू? किल्ली तर माझ्याकडे आहे."

"कसली किल्ली?"

"ट्रंकेची. मला दिली होती ना त्यांनी. डोकं खायचे माझं त्या किल्लीवरून."

भाऊ हसला. "ताई, त्या ट्रंकेला कुलूप होतं कधी? तारेचा तुकडा अडकवायचे कडीत. विसरलीस? आई नाही का म्हणायची, कुलूपवाल्याच्या घरात कुलपाचा दुष्काळ. हॅलो? ताई?"

तार. काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात वडिलांचा सैन्यातला नंबर, आणि कडीत वाकडी केलेली जाड तार. लहानपणी ती तार काढताना तिचं बोट कापलं होतं आणि वडिलांनी दुकान सोडून येऊन बोट तोंडात धरलं होतं. हे ती विसरली नव्हती. फक्त त्या किल्लीशेजारी हे कधी ठेवून बघितलं नव्हतं. ती उठली. शिवणाचा डबा कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता. बटणं, रिळं, मापाची पट्टी, आणि सगळ्यात तळाला, दोऱ्यात ओवलेली ती. निघायच्या दिवशी वडिलांनी दिली तशीच. नवरा त्यांची पिशवी हातात घेऊन दारात उभा होता, आणि वडील लहानपणच्या लाडक्या नावानं हाक मारत म्हणाले होते, "कॅप्टन, ही ट्रंकेची किल्ली. तुझ्याजवळ ठेव. कधी अडलीस तर लाव." नवऱ्यानं हात पुढं केला होता. किल्ली घेऊन उलटसुलट बघितली होती. "काय खजिना आहे की काय ट्रंकेत?" वडिलांचा चेहरा तेव्हा कसा होता? तिनं बघितलाच नव्हता. ती जमिनीकडे बघत होती. "आहे थोडाफार," ते म्हणाले, आणि नवऱ्यानं हसून किल्ली तिच्या हातावर टाकली. ती तिनं त्याच दुपारी या डब्यात भिरकावली. कुलपांच्या दुकानात वाढलेली मुलगी, किल्ली बघून कुलूप ओळखणारी, तिनं या किल्लीकडे नीट बघितलं नाही. रागानं आंधळं होतं माणूस, ते असं.

आता तिनं खिडकीपाशी नेऊन बघितली. किल्लीवर तीन ठिपके होते, एका ओळीत. कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे असतात, हे वडिलांनीच तिला सहा वर्षांची असताना शिकवलं होतं, आणि खडूनं तिच्या फ्रॉकच्या दोन्ही खांद्यांवर काढूनही दिले होते.

दर रविवारी त्यांचा फोन यायचा. नवरा स्पीकर चालू करून समोर बसायचा. तब्येत कशी, जेवलात का, आणि मग न चुकता, "कॅप्टन, किल्ली आहे ना?" "आहे." "लावून बघितलीस?" "अहो बाबा, ट्रंक तिकडे, किल्ली इकडे. कशी लावून बघणार?" नवरा खो-खो हसायचा, म्हाताऱ्याचं डोकं चळलं म्हणायचा. पलीकडे वडील त्याचं हसू संपू द्यायचे. मग म्हणायचे, "बरं. आहे ना जवळ? असू दे." नऊ वर्षांचे रविवार. नवरा गेल्यावर ते आले, दाराशी थांबले, तिच्या हातातल्या एक ठिपक्याच्या किल्लीकडे बघितलं, आणि त्यानंतर ट्रंकेच्या किल्लीचं पुन्हा कधी विचारलं नाही. विसरायला लागले बहुतेक, असं तिला वाटलं होतं. विसरले नव्हते. आता सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की ती नऊ वर्षं दारापासून आठ पावलांवर किल्ली ठेवून बसली होती. ते कळू नये म्हणून ते तिचा राग सहन करत राहिले, तसेच गेले.

तिनं कडी काढली. दार लावलेलंच ठेवलं आणि आतल्या बाजूनं किल्ली घातली. ती सहज गेली. फिरवली तर कुलपाची जीभ बाहेर सरकली, दार बंद. उलटी फिरवली तर जीभ आत आली. दार उघडलं. तिनं पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. किती वेळा ते तिला कळलं नाही. मग दार सताड उघडं टाकून ती उंबऱ्यावर बसली आणि रडली, कोरडं राहिलेलं सगळं. "एकदा ओरडून सांगायचं होतं बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "तो दुकानात गेला होता तेव्हा, तो अंघोळीला गेला होता तेव्हा." पण विचारलं होतं त्यांनी. दाराबाहेर बसून सरळ विचारलं होतं. सगळं ठीक आहे, असं कोण म्हणालं होतं?

किल्लीवाला पाचला आला तेव्हा ती अजून उंबऱ्यावरच होती. "कडी लावून बसा म्हटलं होतं," तो म्हणाला. नवी किल्ली लावून बघितली, समाधानानं मान हलवली आणि चिमटा काढला. "चकत्या काढतो आता."

"नको. राहू देत."

"दुसरी सापडली?"

"हो. माझ्याकडेच होती."

तो निघून गेल्यावर तिनं सचिवांना फोन लावला. पलीकडे पेन शोधण्याची खुडबूड झाली. "हं, सांग बाळ. मोठ्यानं सांग."

"लिहा. गोदामाचं कुलूप त्यांनीच उघडलं."

पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "तुला कोण म्हणालं असं?" सचिवांनी विचारलं. "अगं, हे बोर्डावर कसं चालेल? नावच गाळतील."

"गाळू देत. तुम्ही लिहा, काका," ती म्हणाली. किल्ली तिच्या मुठीत गरम झाली होती. "माणसं बाहेर काढून त्यांनी ते पुन्हा लावलं, म्हणून शाबूत होतं. हेही लिहा."